हवामानाचे इशारे आणि यात्रेकरूंची सुरक्षितता

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटरच्या या भूमीत शिर्डी, शनिशिंगणापूर, नेवासे, सिद्धटेक, मढी, मोहटादेवी, पुणतांबे, देवगड अशी क्षेत्रे वसलेली आहेत आणि वर्षाच्या बाराही महिन्यांत भाविकांचा ओघ अखंड चालू असतो. बाहेरगावाहून येणाऱ्या यात्रेकरूच्या मनात या जिल्ह्याची जी प्रतिमा असते ती बहुधा कोरड्या माळरानाची, टँकरची आणि अवर्षणाची. ती खोटी नाही. जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांत वर्षभरात जेमतेम पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. मात्र याच प्रतिमेमुळे यात्रेकरू गाफील राहतो. येथे पाण्याचे, विजेचे किंवा वाऱ्याचे संकट ओढवेल असे त्याला वाटतच नाही.

ज्या अकोले तालुक्यातून प्रवरा उगम पावते, तेथील घाटघर व रतनवाडी या गावांत वर्षाला चार ते पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांमध्ये पावसाचे प्रमाण आठ-नऊ पटींनी बदलते. पश्चिमेच्या डोंगरावर पडलेले पाणी पूर्वेच्या क्षेत्रांपाशी पोहोचते तेव्हा तेथे अनेकदा स्वच्छ ऊन असते. अशा वेळी घाटावर उभ्या असलेल्या भाविकाला डोळ्यांनी काहीही कळत नाही. त्याच्यापर्यंत पाण्याच्या आधी पोहोचू शकते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे शासनाने व हवामान खात्याने दिलेला इशारा.

कोरड्या आभाळाखालचा पूर

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात नाशिक व त्र्यंबकेश्वरच्या परिसरात मुसळधार पाऊस झाला. तेथील धरणे भरली, नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत प्रचंड विसर्ग सुरू झाला आणि कोपरगावपासून खाली दोन्ही तीरांवरील गावांना महापुराचा तडाखा बसला. गोदावरीचे पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी जलाशयात जाते. त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने ओढ दिली होती. त्याच ऑगस्ट महिन्यात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून विमानाद्वारे कृत्रिम पावसाचा प्रयोग करण्यात आला. एकीकडे पाऊस पडावा म्हणून ढगांवर फवारणी चालली होती आणि दुसरीकडे शंभर टीएमसीहून अधिक क्षमतेचा जायकवाडी जलाशय नाशिकच्या पाण्याने भरत चालला होता. गोदाकाठच्या भाविकाने हे उदाहरण नीट ध्यानात ठेवावे. कोपरगाव बेटावरील शुक्राचार्य मंदिर, पुणतांब्याचे चांगदेव महाराजांचे समाधिस्थान, गोदापात्रातील सराला बेट, प्रवरा व गोदावरी यांचा संगम होतो ते प्रवरासंगम, या सर्व ठिकाणी पूर येतो तो बहुधा दुसरीकडे पडलेल्या पावसाचा.

प्रवरेचेही तसेच. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण सुमारे अकरा टीएमसी पाणी साठविते व त्याच्या खाली निळवंड्याचा साठा आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी धरणे रिकामी असल्याने घाटमाथ्यावरील मोठा पाऊसही ती पोटात घेतात. श्रावणाच्या सुमारास ती भरतात. धरण काठोकाठ भरल्यावर वरून येणारे पाणी खाली सोडण्यावाचून पर्याय राहत नाही. म्हणून जूनमधल्या पावसापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमधला तेवढाच पाऊस नदीकाठाला अधिक घातक ठरू शकतो. नेवासे येथे संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पैस खांबाचे दर्शन घेऊन प्रवरेत पाय धुण्यासाठी उतरणाऱ्या भाविकाला या हिशेबाची कल्पना नसते. सिद्धटेकची गोष्ट आणखी निराळी. हे अष्टविनायकाचे स्थान कर्जत तालुक्यात, भीमेच्या काठी आहे. पूर्वी दौंडच्या बाजूने येणारे भाविक शिरापूरहून होडीने नदी ओलांडीत. आता पूल झाल्याने तो प्रसंग येत नाही. पण भीमेला मुळा-मुठेचे पाणी मिळत असल्याने सिद्धटेकच्या घाटावरील पातळी ठरते ती पुण्याच्या पश्चिमेकडील डोंगरांवर. कर्जतला पाऊस आहे की नाही, एवढ्यावरून तेथे काहीच अनुमान काढता येत नाही.

विसर्गाचे आकडे वृत्तपत्रांत क्युसेकमध्ये दिलेले असतात व पुष्कळ वाचक त्यांवरून नजर फिरवून पुढे जातात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर पाणी. पन्नास हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा लाख लिटर. टँकरच्या भाषेत सांगावयाचे तर दहा हजार लिटरचे एकशे चाळीस टँकर दर सेकंदाला घाटासमोरून जात आहेत असे समजावे. ‘विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढविण्यात येणार असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ असे जलसंपदा विभागाचे निवेदन आल्यावर घाटाची शेवटची पायरी जेथे दिसते तेथे ती तासाभराने दिसेलच असे नाही.

मोठ्या नद्यांची वार्ता तरी आधी कळते. लहान ओढ्यांची तीही सोय नसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या तालुक्यांतील ओढे वर्षाचे अकरा महिने कोरडे असतात, त्यांवरून गाड्या जातात, त्यांत जनावरे बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये, शारदीय नवरात्राच्या आगेमागे, याच पट्ट्यात अतिवृष्टी झाली. सीना नदीला महापूर आला आणि पुढे सोलापूर जिल्ह्यात महामार्गावरील वाहतूक थांबवावी लागली. एका तासात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर त्याला ढगफुटी म्हणतात. एवढ्या पावसाने एका चौरस किलोमीटरवर दहा कोटी लिटर पाणी साचते, आणि माळरानाची कठीण जमीन त्यातील फार थोडे शोषून घेते. बाकीचे त्या कोरड्या ओढ्यात उतरते.

फरशी पुलावरून वाहते पाणी गुडघ्यापर्यंत नसले म्हणजे गाडी निघेल, असा वाहनचालकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. वेगाने वाहणारे वीतभर पाणी माणसाचे पाय उचलते, एक फूट पाणी लहान मोटार तरंगविते आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. शिवाय पाण्याखालचा रस्ता जागेवर आहे किंवा नाही हे वरून दिसत नाही. सहलीच्या गाडीत वीस-पंचवीस माणसे असतात आणि पुढचे दर्शन चुकू नये म्हणून चालकाला घाई करणारी त्यांतलीच कोणीतरी असतात.

इशाऱ्याची भाषा

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्यालय पूर्वी सिमल्यास होते, ते १९२८ मध्ये पुण्यास आले. शिवाजीनगरचा ‘सिमला ऑफिस’ चौक त्याच स्थलांतराची आठवण आहे. आज या विभागाकडून जिल्हावार इशारे रंगांत दिले जातात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे. नारिंगी (ऑरेंज अलर्ट) म्हणजे तयारीत राहावे. लाल (रेड अलर्ट) म्हणजे प्रत्यक्ष कृती करावी. पुष्कळांची समजूत अशी की, रंग म्हणजे पावसाचे माप. तसे ते नाही. पाऊस किंवा वादळ किती तीव्र असेल, ते होण्याची शक्यता किती आणि त्याचा लोकांवर काय परिणाम होईल, यांचा एकत्र विचार करून रंग ठरतो. म्हणूनच विजांसह वादळाचा पिवळा इशाराही उघड्या डोंगरावर असलेल्या माणसाच्या दृष्टीने गंभीर असतो.

पावसाच्या शब्दांनाही ठरलेली मापे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत पडणारा तो मुसळधार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्याहून अधिक तो अत्यंत मुसळधार. हे चोवीस तास सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतात. महसूल खात्याच्या पंचनाम्यात मात्र महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की ‘अतिवृष्टी’ असा शब्द येतो. दोन खात्यांचे शब्द भिन्न असल्याने वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, तो टाळण्यासाठी शब्दाऐवजी मिलिमीटरचा आकडा पाहावा हे बरे.

इशारा खोटा ठरला, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती ज्या शब्दामुळे उद्भवते तो शब्द म्हणजे ‘तुरळक ठिकाणी’. हवामान खात्याच्या परिभाषेत याचा अर्थ त्या क्षेत्रातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी चौथ्या हिश्शापर्यंतच्या केंद्रांवर पाऊस पडेल, असा आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस असा इशारा असताना अकोल्यात शंभर मिलिमीटर पाऊस झाला आणि शिर्डीत थेंबही पडला नाही, तर इशारा अचूकच ठरला. शिर्डीच्या भाविकाला मात्र तो फसल्यासारखा वाटतो. दोनतीन वेळा असे झाले की चौथ्या वेळी तो इशारा वाचीतच नाही. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याला जेव्हा एकच रंग दिला जातो तेव्हा हे घडणे स्वाभाविक आहे. यासाठी रंग पाहून थांबू नये. मजकुरात घाटमाथा, नदीकाठ, विजा, सोसाट्याचा वारा यांपैकी कोणता उल्लेख आहे आणि आपला मार्ग त्यांतील कशाला लागून जातो, एवढे पाहावे.

जिल्हावार अंदाज चार-पाच दिवसांचा असतो. याखेरीज पुढील तीन तासांपुरते तात्कालिक इशारेही दिले जातात. वादळ-विजांच्या बाबतीत हेच अधिक उपयोगी पडतात, कारण उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारी उठणारा ढग सकाळी आकाशात नसतोही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप वापरणाऱ्याच्या परिसरात वीस ते चाळीस किलोमीटरच्या आत विजा पडत असल्याची सूचना देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲपही मोबाइलवर घेता येते. मोबाइलवर मोठ्या आवाजात अकस्मात येणारा शासकीय संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये. गटातील एकाने तरी तो मोठ्याने वाचून दाखवावा, कारण वृद्ध यात्रेकरूंपैकी अनेकांकडे मोबाइल असला तरी चष्मा पिशवीत असतो.

मृगापासून हस्तापर्यंतच्या पर्जन्यनक्षत्रांवर गावोगावी आजही श्रद्धा आहे आणि पंचांगातील वाहनावरून पावसाचा अंदाज बांधणे हा ग्रामीण जीवनाचा भाग आहे. त्यात उपहासाजोगे काही नाही. नक्षत्रे ऋतूची चाल सांगतात. हस्ताचा पाऊस गडगडाटासह येतो हा अनुभव शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांचा आहे. परंतु आज दुपारी चार वाजता मोहट्याच्या गडावर वीज पडेल किंवा नाही, हे नक्षत्र सांगत नाही.

वीज

शनिशिंगणापूरचे वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे. तेथील श्री शनिदेवांची शिळा उघड्या चौथऱ्यावर असून तिच्यावर छत नाही. मढीचे कानिफनाथ आणि मोहट्याची देवी उंचावर आहेत. अकोले तालुक्यातील कळसूबाई तर १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. माथ्यावर देवीचे लहान मंदिर आणि वाटेत लोखंडी शिड्या. नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते, आणि नवरात्र येते ते परतीच्या पावसाच्या दिवसांत. आषाढी वारीसाठी त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथ महाराजांची पालखी जूनमध्ये या जिल्ह्यातील उघड्या शिवारातून जाते, तोही वळवाचा व पहिल्या पावसाचा काळ. विजांचा हंगाम आणि यात्रांचा हंगाम येथे एकमेकांवर चढलेले आहेत.

भारतात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. पूर व वादळांच्या बातम्या मोठ्या येतात, विजेचे बळी एकेक दोनदोन करून जातात, म्हणून या आकड्याची जाणीव सहसा होत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. ध्वनीला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात, तेव्हा तीस सेकंदांचे अंतर म्हणजे वीज दहा किलोमीटरवर आहे. याहून कमी सेकंद भरले की उघड्यावर थांबू नये. पक्के बांधकाम किंवा वरून-बाजूंनी बंद असलेली मोटार यांचा आश्रय घ्यावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत तो सोडू नये. झाडाखाली थांबणे ही सर्वांत जुनी व सर्वांत घातक चूक होय. बाजूंनी उघडी पत्र्याची शेड विजेपासून रक्षण करीत नाही. कळसूबाईच्या शिड्यांवर असताना ढग दाटून आले तर माथा गाठण्याचा हट्ट सोडून शिड्यांपासून दूर, खालच्या अंगाला उतरावे. दाटीने उभे राहू नये. जमिनीवर आडवेही पडू नये, कारण जवळ पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतून पसरतो.

वीज पडलेल्या माणसाला स्पर्श केल्यास धक्का बसतो, ही समजूत निराधार आहे आणि तिच्यापायी वाचू शकणारे जीव जातात. त्याच्या शरीरात वीज शिल्लक राहत नाही. श्वास व नाडी बंद असल्यास तात्काळ छातीवर दाब देण्याचा उपचार सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वारा आणि ऊन

९ एप्रिल २०२३ रोजी रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे एका मंदिराच्या आवारात वादळी पावसापासून बचाव करण्यासाठी भाविक पत्र्याच्या शेडखाली जमले होते. शेजारचे जुने कडुनिंबाचे झाड शेडवर कोसळले आणि सात जण मृत्युमुखी पडले. तेथे कोणी धाडस केले नव्हते. पाऊस आला म्हणून माणसे आडोशाला गेली, एवढेच. महाराष्ट्रातील बहुतेक देवस्थानांच्या आवारात असे जुने झाड आहे, त्याच्या सावलीत अशी शेड आहे आणि झाड पवित्र असल्याने त्याच्या वाळक्या फांदीला हात लावण्यास लोक कचरतात. वाळलेल्या फांद्या उन्हाळ्यापूर्वी उतरविल्याने वृक्षाचा अवमान होत नाही. सप्ताहाचे मंडप, कमानी आणि फलक यांचेही असेच आहे. सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा असताना कीर्तन थांबवून मंडप रिकामा करण्याचा निर्णय घेणे आयोजकांना जड जाते. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या हरिनाम सप्ताहाला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे आणि तो भर श्रावणात होतो. एवढ्या मोठ्या समुदायात असा निर्णय कोणी व कोणत्या क्षणी घ्यावयाचा, हे पहिल्या दिवसाच्या आधी ठरलेले असले पाहिजे. वारा सुटल्यावर बैठक घेता येत नाही.

उष्णतेच्या इशाऱ्याकडे तर आपल्याकडे इशारा म्हणून पाहण्याचीच सवय नाही; ऊन नेहमीचेच, असे म्हटले जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी जमलेल्या श्री सदस्यांपैकी चौदा जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ही श्रद्धेने आलेली, तासन्‌तास शिस्तीने बसून राहिलेली माणसे होती. ती शिस्तच त्यांना सावलीकडे जाण्यापासून रोखणारी ठरली असावी. मैदानी प्रदेशात पारा चाळीस अंशांवर आणि किनाऱ्यालगत सदतीस अंशांवर गेला व तो सरासरीहून साडेचार अंशांनी अधिक असला की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. रामनवमीला मुंबई व अन्य ठिकाणांहून शिर्डीकडे पायी येणाऱ्या पालख्या आणि होळी ते गुढीपाडव्याच्या काळातील मढीची यात्रा याच दिवसांत येतात. उपवास असला तरी पाणी वर्ज्य नसते, निर्जळी उपवास करावयाचा तर तो घरी सावलीत करावा. घाम येणे थांबून त्वचा कोरडी व तप्त होणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा व्यक्तीला प्रसाद किंवा तीर्थ देत बसू नये; अंगावर ओले कापड घालून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.

नवस, तिथी आणि थांबणे

इशारा कळूनही यात्रेकरू थांबत नाही, याची कारणे केवळ अज्ञानात नाहीत. गाडीचे भाडे दिलेले असते. रजा मोजकी असते. तिथी टळली तर नवस अपुरा राहील अशी धास्ती असते. ‘देवाच्या दारी निघालो आहोत, देव सांभाळील’ या वाक्यापुढे गटातील सावध माणसाला गप्प बसावे लागते.

या भावनेचा आदर राखूनही असे म्हटले पाहिजे की, आपल्या परंपरेने पावसाळ्यातील प्रवासाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. चातुर्मासात संन्याशाने एका ठिकाणी मुक्काम करावा असा नियम आहे. सतत भ्रमण हाच ज्याचा धर्म, त्यालाही पावसाळ्यात थांबण्याची आज्ञा शास्त्राने केली. नद्यांचे पूर आणि वाटेतील जीवजंतूंची हिंसा ही त्यामागील कारणे होती. संन्याशाला जे उणेपणाचे नाही ते प्रापंचिक यात्रेकरूला का असावे?

जून २०१३ मध्ये केदारनाथला जो प्रलय झाला त्याच्या आधी देहरादूनच्या हवामान केंद्राने अतिवृष्टीचा इशारा दिलेला होता. यात्रा चालूच राहिली आणि १६ व १७ जूनच्या पुरात हजारो जीव गेले. ओडिशाची हकिकत याच्या उलट आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. त्यानंतर त्या राज्याने पक्के निवारे बांधले, इशारा शेवटच्या घरापर्यंत नेण्याची व्यवस्था उभारली आणि लोकांनीही ती मानली. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ चक्रीवादळ थेट जगन्नाथपुरीजवळ धडकले, तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलविण्यात आले होते आणि पुरीतील यात्रेकरूंना आदल्या दिवशीच शहर सोडण्यास सांगितले होते. घरे, झाडे, विजेचे खांब यांची अपरिमित हानी झाली. मृतांची संख्या मात्र शंभराच्या आत राहिली.

२०२७ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाची अमृतस्नाने योजिलेली आहेत. त्यासाठी येणारे असंख्य भाविक शिर्डी व शनिशिंगणापूरलाही येतील. दिवस गोदावरीच्या पुराचे असतील आणि येणाऱ्यांपैकी बहुतेकांना येथील नद्यांचा स्वभाव ठाऊक नसेल.

देणगीदारांसाठी थोडेसे

देवस्थानांना मिळणाऱ्या देणग्यांतून मंडप, कमानी, भक्तनिवास उभे राहतात. शिखरावर कळस चढविण्यासाठी दाते पुढे येतात, त्या शिखराला वीज अटकाव यंत्रणा बसविण्यासाठी मात्र क्वचितच. उंच शिखर आणि धातूचा कळस असलेल्या मंदिराला तिची गरज सर्वाधिक. तिची जमिनीतील जोडणी दर पावसाळ्यापूर्वी तपासावी लागते, तेव्हा एकदाच खर्च करून भागत नाही. वीज गेल्यावरही चालणारे ध्वनिक्षेपक, दर्शनरांगेवर सावली, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, पत्र्याऐवजी पक्क्या छताची निवारा खोली, घाटाच्या पायऱ्यांवर ठळक रंगवलेल्या पूरपातळीच्या खुणा, ही कामे छायाचित्रात शोभत नाहीत. त्यांच्यावर दात्याचे नाव कोरण्यास जागाही फारशी नसते. साधे पर्जन्यमापक यंत्र थोडक्या पैशांत येते. शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत, पण मंदिराच्या आवारात सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस फळ्यावर लिहिला तर येणारा प्रत्येक भाविक तो वाचतो.

प्रवासास निघण्यापूर्वी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी १०७७ या क्रमांकावर संपर्क साधून मार्गातील नद्यांचे विसर्ग व बंद रस्ते यांची चौकशी करता येते. जिल्ह्याबाहेरून फोन करताना आधी ०२४१ हा अहिल्यानगरचा संकेतांक जोडावा, अन्यथा तो स्वतःच्याच जिल्ह्याच्या कक्षात लागतो. आणीबाणीच्या प्रसंगी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. अडकल्यास ठिकाण सांगताना केवळ ‘पुलाजवळ’ असे न म्हणता रस्त्याच्या कडेच्या किलोमीटर दगडावरील गावाचे नाव व आकडा, आणि वाहन नदीच्या कोणत्या तीरावर उभे आहे ते सांगावे, म्हणजे मदत पलीकडच्या काठावर येऊन थांबत नाही.